दोन टालर, एकच ओरखडा

मायक्रोस्कोपखालचं पहिलं नाणं मी ट्रेमध्ये ठेवलं, दुसरं घेतलं, आणि तोच ओरखडा पुन्हा दिसला.

नाण्यावर एक केसाळ रानटी माणूस उभा आहे. अंगावर कपडे नाहीत, हातात मुळासकट उपटलेलं झाड. त्याच्या डाव्या गुडघ्याखालून एक बारीक ओरखडा निघतो, खाली येताना जरासा वळतो, आणि संपतो तिथं कडेला एक छोटा खळगा आहे. पहिल्या नाण्यावर होता तसाच दुसऱ्यावर. वळणासकट, खळग्यासकट. मला वाटलं, चुकून पहिलंच नाणं परत उचललं. पण पहिलं ट्रेमध्ये होतं. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ बाहेरच्या कार पार्ककडे बघत बसले.

मी मेटल्स कॉन्झर्वेटर आहे. सोपं सांगायचं तर जुन्या धातूच्या वस्तूंची डॉक्टर. तलवारी, पदकं, चर्चमधले पेले, नाणी. गंज कुठून धरलाय, तो कसा थांबवायचा, वस्तू कशात ठेवायची, हे आम्ही सांगतो. पुण्यात मेटलर्जी शिकले, मास्टर्ससाठी मेलबर्नला क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत आले आणि इथंच राहिले. आमची फर्म लहान आहे. सहा माणसं, एक शेड, बाजूला टायरचं दुकान. म्युझियम आणि इन्शुरन्सवाले काम देतात. बॉसचं नाव ग्रेअम.

हे काम एका म्युझियमकडून आलं होतं. व्हिक्टोरिया राज्यातल्या एका लहान गावातलं तीन खोल्यांचं म्युझियम. रिटायर झालेले लोक व्हॉलंटियर म्हणून ते चालवतात. त्यांना एक देणगी मिळणार होती. जुन्या जर्मन राज्यांची चांदीची नाणी, दोनशेच्या आसपास. त्यासाठी चौथी खोली बांधायला घेतली होती. आम्हाला फक्त कंडिशन रिपोर्ट द्यायचा होता, म्हणजे कुठलं नाणं कशा स्थितीत आहे, एवढंच.

नाणी देणारे होते वॉल्टर. वय शहाऐंशी. युद्धानंतर शाळकरी वयात आईबरोबर बोटीनं ऑस्ट्रेलियात आले. आईचं गाव जर्मनीतल्या डोंगराळ भागात होतं, चांदीच्या खाणींचं. घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या खाणीत उतरलेले. इथं वॉल्टर डँडेनाँगजवळच्या मोटारींच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून चाळीस वर्षं राहिले. ऐपत आल्यावर त्यांनी एकच शौक केला. आईच्या गावच्या डोंगरातून निघालेल्या चांदीची नाणी जमवायची. बायको मार्गारेट त्या म्युझियमच्या गावची. ती काही वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली. चौथ्या खोलीला तिचं नाव द्यायचं ठरलं होतं.

मी नाणी आणायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा किचन टेबलावर हिरवी बनात अंथरलेली होती. त्यांनी प्लमचा केक कापला. त्यांना मी मिस्टर अमुक म्हणाले ते आवडलं नाही. "वॉल्टर म्हण," असं ते म्हणाले. तोंडानं वॉल्टर म्हणत गेले, पण मराठीत लिहिताना 'ते' सोडून काही येत नाही.

ही नाणी कशी पाडायचे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांनी ते हातांनी करून दाखवलं. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेला. वरचा ठसा हातात. मध्ये चांदीची चकती. आणि वरून घण. "कधी घाव तिरका बसतो," ते म्हणाले. "कधी ठसा सरकतो आणि राजाला दोन नाकं येतात. म्हणून एकासारखं दुसरं निघत नाही. मीही आयुष्यभर ठसेच केले. फक्त माझ्या ठशांतून गाडीचे दरवाजे निघायचे."

यातल्या मोठ्या नाण्यांना टालर म्हणतात. आपल्या खिशातला डॉलर हा शब्द त्यावरूनच आला. झाडवाल्या रानटी माणसाचे टालर हे वॉल्टरचे सगळ्यात लाडके. त्यांनी मला इतिहासही सांगितला. तिकडे लहान लहान राज्यं होती, प्रत्येकाची टांकसाळ वेगळी. लढाईच्या काळात राजांना पैसा कमी पडला, तेव्हा कित्येकांनी चांदीत तांबं घालायला सुरुवात केली. चकचकीत नाणं वापरून वापरून लाल पडायचं. ज्याच्या हातात ते असेल तो बुडायचा. "खोटं नाणं पाडणारा चोर असेलच असं नाही," वॉल्टर म्हणाले. "पुष्कळदा तो आपलाच राजा असतो."

प्रत्येक नाण्याबरोबर एक आठवण होती. हे तरुणपणी युरोपातल्या लिलावातून पोस्टानं मागवलेलं, तीन महिने लागले. हे लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, मार्गारेट आजारी असताना, लेसकडून घेतलेलं. हे मार्गारेटचा रिपोर्ट आला त्या आठवड्यातलं, लेसनं हॉस्पिटलच्या कॅफेत आणून दिलेलं.

लेस तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला होता. वॉल्टरचा मित्र, ऐंशीच्या आतबाहेर, अंगानं किरकोळ, बोलायला गोड. त्याचं एका आर्केडमध्ये नाण्यांचं दुकान होतं, ते बंद होऊन थोडी वर्षं झाली होती. दर रविवारी तो जेवायला यायचा. मार्गारेट आजारी होती तेव्हा वॉल्टरना डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नव्हती. केमोसाठी तिला न्यायचं-आणायचं काम लेसनं केलं. एकदाही चुकवलं नाही, हे वॉल्टरनी मला त्याच्यादेखत सांगितलं. लेस खाली बघून केक खात होता.

आता त्या ओरखड्याचं सांगते.

एकाच ठशातून पाडलेल्या दोन नाण्यांवर काही खुणा सारख्या असू शकतात. ठशाला चीर गेली असेल तर ती प्रत्येक नाण्यावर उठते. पण ती उठते, म्हणजे वर आलेली बारीक रेघ दिसते. ओरखडा आणि खळगा या खोल गेलेल्या खुणा आहेत. त्या नाणं पाडून झाल्यावर पडतात. कुणाच्या तरी खिशात, गल्ल्यात, दगडावर पडून. दोन नाणी चारशे वर्षं वेगवेगळ्या खिशांतून फिरली, आणि दोघांना त्याच जागी, तेवढाच, तसाच वळलेला ओरखडा पडला, असं होत नाही. होतं ते असं, की कुणीतरी एक खरं, ओरखडा पडलेलं नाणं घेतो, त्यावरून नवा ठसा तयार करतो आणि त्यातून हवी तेवढी पाडतो. मग ओरखडाही फुकटात मिळतो.

मी दोन्ही नाणी लाकडी बाकावर टिचकीनं वाजवून पाहिली. आमच्या लॅबमध्ये असलं कुणी करत नाही. दोन्ही छान वाजली. बद्द नाणं म्हणावं तर तसंही नाही. चांदी चांगली होती. तोच तर घोळ होता.

आमच्याकडे हेअर ड्रायरसारखं दिसणारं एक एक्स-रेचं यंत्र आहे. धातूवर धरलं की आत काय काय आहे ते सांगतं. जुन्या काळी चांदी पूर्ण शुद्ध करता येत नसे. शिसं राहायचं, किंचित सोनं राहायचं. आजची चांदी फार स्वच्छ असते. त्या दोन नाण्यांत चांदी होती, ठरल्याप्रमाणे तांबं होतं, बाकी जवळजवळ काही नव्हतं. मग मी सगळाच संग्रह तपासायला घेतला. त्यासाठी मला कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर लंच ब्रेकमध्येही तेच केलं. शेवटी दिसलं ते असं: एक तृतीयांशाहून थोडी जास्त नाणी नवीन. बाकीची अस्सल, आणि त्यातली काही तर अशी, की मोठ्या म्युझियमनंही मान वाकवून घ्यावीत.

अस्सल होती ती वॉल्टरनी तरुणपणी पोस्टानं मागवलेली. खोटी होती ती सगळी मागच्या पंधराएक वर्षांतली. चाळिसाव्या वाढदिवसाचं खोटं. हॉस्पिटलच्या कॅफेतलं खोटं. ज्या ज्या नाण्याची गोष्ट सांगताना वॉल्टरनी लेसचं नाव घेतलं होतं, ते ते खोटं.

ग्रेअमला दाखवलं. त्यानं दोन्ही नाणी स्क्रीनवर मोठी करून पाहिली. त्याला लगेच कळलं. मग दार लावून घेतलं आणि विचारलं, खरं-खोटं सांगणं आपल्या स्कोपमध्ये आहे का. मी नाही म्हणाले.

"मग कंडिशन लिही आणि सोड."

"काय लिहू? उत्तम स्थिती? उत्तमच असणार. परवा पाडलंय."

तो हसला नाही. म्हणाला, तू लिहिलंस तर म्हातारा बिथरेल, म्युझियम घाबरेल, आणि उद्या ही सगळी लहान म्युझियम एकमेकांना फोन करतील. आपलं निम्मं काम त्यांच्याकडून येतं. तो वाईट माणूस नाही. सहा जणांचे पगार त्याच्या डोक्यावर असतात, आणि ते डोकं तो आधी वाचवतो. शेवटी आम्ही भांडून एक तोडगा काढला. यंत्रानं काय दाखवलं ते प्रत्येक नाण्यापुढे लिहायचं. जुन्या चांदीशी जुळतं, किंवा जुळत नाही. 'खोटं' हा शब्द कुठंही नको. मी कबूल केलं. शब्द गाळला तरी अर्थ तिथंच राहणार होता.

रिपोर्ट जायच्या आधी लेस लॅबमध्ये आला. वॉल्टर त्याला म्हणाले होते की लॅबमधल्या मुलीला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतोय. रिसेप्शनजवळच्या दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो. मी काही बोलायच्या आतच त्यानं विचारलं, "किती सापडली?"

काय सापडलं, असं त्यानं विचारलं नाही.

मी आकडा सांगितला. त्यानं मान हलवली, बरोबर असल्यासारखी. मग तो बराच वेळ बोलला. म्हणाला, झाडवाले टालर या देशात मिळतच नाहीत. वॉल्टर विचारत राहायचा. मार्गारेटचा रिपोर्ट आला आणि वॉल्टरनं बोलणंच बंद केलं. जेवेना, घरामागच्या शेडमध्ये कामाला जाईना. एक माणूस दुकानात नकली टालरचा नमुना घेऊन आला होता, पूर्व युरोपातून आणलेला. लेसनं तो घेतला आणि कॅफेत वॉल्टरच्या हातात ठेवला. त्या दिवशी वॉल्टर तासभर बोलला, नाण्याबद्दल, आईबद्दल. मार्गारेट व्हीलचेअरवर बसून हसत होती. पुढच्या महिन्यात वॉल्टरनं विचारलं, अजून आहे का. असं सुरू झालं.

मी म्हणाले, मग तसंच द्यायचं होतं, गिफ्ट म्हणून. विकलं कशाला?

"फुकट दिलं असतं तर त्यानं दुसऱ्या मिनिटाला ओळखलं असतं," लेस म्हणाला. "आणि दुकानाचं भाडं होतंच."

दोन्ही खरं असावं. मला राग आला तो यामुळेच. नुसता चोर असता तर सोपं गेलं असतं.

त्यानं एकच मागणी केली. वॉल्टरचं हृदय थकलंय. खोली उघडू दे, फीत कापू दे. तो गेल्यावर मी स्वतः म्युझियमला सांगेन. शाळेची पोरं काचेबाहेरून बघणार, त्यांना काय फरक पडतो, मेट. मी सांगितलं की मला रिपोर्ट थांबवता येणार नाही. जाताना तो नो वरीज म्हणाला, जसं काही मी त्याला पार्किंगची जागा नाही म्हणाले होते.

आता वॉल्टरचा प्रश्न होता. ग्रेअमचं म्हणणं, ते आपले क्लायंट नाहीत, म्युझियम क्लायंट आहे, रिपोर्ट त्यांना द्यायचा आणि गप्प बसायचं. माझा नवरा निखिल आयटीत आहे, त्याचंही तेच मत पडलं. म्हणाला, तू कशाला मध्ये पडतेस, म्युझियमवाले सांगतील की. पण म्युझियम ईमेल पाठवणार. शहाऐंशी वर्षांच्या माणसानं ते ईमेलमधून वाचावं, हे मला सहन होईना. मी त्यांच्या घरचा केक खाल्ला होता. शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, मी ती दोन नाणी घेऊन एकटी गेले. रिपोर्टमध्ये काय असणार ते म्युझियमचं काम बघणाऱ्या बाईंना फोनवर सांगून, त्यांची परवानगी घेऊन गेले. एवढी काळजी मी घेतली होती.

वॉल्टरनी पुन्हा बनात अंथरली. त्यांच्या कारखान्यातला दिवा लावलेला मोठा भिंगाचा स्टँड होता, तो पुढे ओढला. मी दोन्ही नाणी ठेवली. ओरखड्याची बाजू वर.

त्यांनी ती एका दिशेला लावली, रानटी माणसाची डोकी सरळ वर येतील अशी. मग पेन्सिलीचं टोक नाण्याला न लावता वरून फिरवलं. पहिल्या ओरखड्यावरून. मग दुसऱ्यावरून. कारखान्यात दोन पार्ट आले आणि दोघांना त्याच जागी टवका असला, तर टवका पार्टला नाही, ठशाला आहे, हे चाळीस वर्षं ज्या माणसानं रोज बघितलं, तो माणूस माझ्यासमोर बसला होता. मला समजावून सांगायची गरजच नव्हती. पेन्सिलीचं टोक वळणापाशी आलं आणि थांबलं. खळग्यापर्यंत गेलंच नाही.

त्यांनी दिवा बंद केला.

"तुझं यंत्र शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं होतं?"

मी सांगितलं, गेल्याच महिन्यात. "पण वॉल्टर, यंत्राचा प्रश्न नाहीये. तुम्ही आत्ता डोळ्यांनी बघितलंत."

"माझे डोळे गेलेत. डॉक्टरला विचार."

मी घाईघाईनं चांगली बाजू सांगायला लागले. जवळजवळ दोन तृतीयांश नाणी अस्सल आहेत, त्यातली काही फार दुर्मीळ आहेत, खोली तरीही सुंदर भरेल. ते खिडकीतून मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते. माझं संपल्यावर वळले.

"मी तुला विचारलं होतं का?"

"नाही."

"म्युझियमनं?"

"त्यांनी स्थिती विचारली होती."

"मग ती सांगायची होतीस."

लेसचं नाव मी तोवर घेतलं नव्हतं. त्यांनीही घेतलं नाही. फक्त म्हणाले, "शेवटच्या दिवशी मार्गारेटला घरी यायचं होतं. अँब्युलन्सला वेळ लागणार होता. तिला उचलून गाडीत घालून इथं या खोलीत कुणी आणलं, ते तुझ्या यंत्राला माहीत आहे?"

मग ते उठले आणि दार उघडून उभे राहिले. दोन नाणी मी पाकिटात घालत होते, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. ती म्युझियमकडे द्यायची आहेत असं मी म्हणाले. देणगीच्या कागदावर अजून सही झालेली नाही, नाणी माझी आहेत, असं ते म्हणाले. ते बरोबर होतं. मी दिली. त्यांनी ती मुठीत धरली, जपायचं नाणं धरतात तशी कडेनं नाही.

घरी येताना स्प्रिंगव्हेल रोडवर मी एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि रडले. मी त्यांना दुखावलं म्हणून नाही. त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी मला खोटं ठरवायचं ठरवलं होतं, म्हणून.

रिपोर्ट सोमवारी गेला. दोन आठवड्यांनी ग्रेअमनं मला आत बोलावलं आणि एक पत्र पुढे सरकवलं. वॉल्टरचं. टूलमेकरच्या हातचं, ड्रॉइंगवर लिहितात तशा चौकोनी मोठ्या अक्षरांत. त्यात लिहिलं होतं की नाणी आमच्याकडे आली तेव्हा त्या दोन टालरांवर ओरखडे नव्हते. ते लॅबमध्ये पडले. यंत्राचे आकडे भरवशाचे नाहीत. संबंधित कर्मचारी परवानगीशिवाय घरी आली आणि तिनं एका वृद्ध माणसाला त्रास दिला. खाली साक्षीदार म्हणून लेसची सही होती. अनेक वर्षांचा अनुभव असलेला नाण्यांचा व्यापारी, असं सहीखाली लिहिलेलं.

मी म्हणाले, दोन नाण्यांना एकसारखा ओरखडा मी पाडला? कशानं? कसा?

ग्रेअम म्हणाला, "मला माहीत आहे तू पाडला नाहीस. सगळ्यांना माहीत आहे. पण आता पत्र आलंय."

पत्र आलं की इन्शुरन्सला कळवावं लागतं. इन्शुरन्सला कळवलं की चौकशी होते. नाणी आली त्या दिवशीचे आमचे फोटो होते, त्यात ओरखडे स्पष्ट दिसत होते, त्यामुळे चौकशी माझ्या बाजूनं संपली. पण ती संपेपर्यंत मला क्लायंटसमोर जायचं नाही असं सांगितलं गेलं. मी मागच्या खोलीत बसून एका जुन्या बँडची पितळी वाद्यं साफ केली. कुणी सॉरी म्हणालं नाही. म्हणण्यासारखं कुणी काही केलंच नव्हतं.

म्युझियमच्या कमिटीनं रिपोर्ट वाचला असं म्हणवत नाही. तळाचा निष्कर्ष वाचला असावा. त्यांनी खोटी नाणी वगळून खरी घेतली असती, तर मार्गारेटची खोली उभी राहिली असती. पण वाद नको, म्हणून त्यांनी सगळीच देणगी नाकारली. खरी आणि खोटी एकाच खोक्यातून परत गेली. म्युझियमच्या बाई मला फोनवर म्हणाल्या की आम्ही व्हॉलंटियर आहोत, आम्हाला असल्या गोष्टींची भीती वाटते. चौथ्या खोलीत आता फोल्डिंग खुर्च्या ठेवतात.

दीड-दोन वर्षांनी वॉल्टर गेले. मला ग्रेअमकडून कळलं. मी फ्युनरलला गेले, मागच्या रांगेत बसले. का गेले ते सांगता येणार नाही. माणसं थोडी होती, बहुतेक कारखान्यातली. बोलायला लेस उभा राहिला. कागद हातात होता, पण वाचता आला नाही, इतका रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं. मी तेवढं ओळखू शकते. बाहेर पडताना त्यानं मला पाहिलं आणि ओळखीच्या माणसाला करावी तशी मान हलवली.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या लॅबमध्ये एका लिलाव कंपनीचा कॅटलॉग आला. असे येतच असतात. चहा पिता पिता चाळत होते, तर एका पानावर माझं नाव दिसलं.

वॉल्टरना मूलबाळ नव्हतं. घर चर्चला गेलं आणि नाणी त्यांनी लेसच्या नावावर केली होती. लेसनं ती विकायला काढली होती. सगळी नाही. फक्त अस्सल. एकही चुकलेलं नव्हतं, एकही जास्तीचं नव्हतं, कारण कुठलं खरं आणि कुठलं खोटं ते त्याला ओळखायची गरजच पडली नव्हती. माझ्या रिपोर्टची प्रत म्युझियमनं वॉल्टरना पाठवली होती, ती नाण्यांबरोबर त्याच्याकडे गेली. प्रत्येक नाण्याखाली छापलं होतं: धातूचं परीक्षण झालेलं, जुन्या चांदीशी जुळतं. शेवटच्या पानावर माझं पूर्ण नाव, डिग्री, फर्मचं नाव. ज्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही असं त्यानं सही करून सांगितलं होतं, त्याच यंत्राचे आकडे. बाकीची नाणी कुठे गेली, ते मला माहीत नाही.

मी लिलाव कंपनीला फोन केला. तिकडच्या तरुण मुलानं शांतपणे ऐकून घेतलं.

"रिपोर्टमध्ये काही चूक आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

मला त्याला दोन वाक्यांत सांगता येईना. मी ठीक आहे म्हणून फोन ठेवला. लिलाव चांगला झाला, असं नंतर कळलं. एका परदेशी म्युझियमनं बरेचसे टालर घेतले. तिकडे ते नीट ठेवलेले असतील. कार्डावर संग्राहक म्हणून कुणाचं नाव आहे ते मी तपासलं नाही.

ग्रेअमनं यावर एकच उपाय केला. आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी आता बारीक अक्षरात एक ओळ असते, की हा रिपोर्ट विक्रीसाठी वापरू नये. ती कुणी वाचत नाही.

मला परत क्लायंटसमोर पाठवतात. नवीन लोक आले की ट्रेनिंग मीच देते. खोटं नाणं कसं ओळखायचं ते महिनाभरात येतं, त्यात विशेष काही नाही. त्यानंतर ग्रेअमचा नियम सांगावा लागतो. क्लायंटनं जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, आणि ज्यानं विचारलं नाही त्याच्या घरी जायचं नाही. मला तो नियम पटत नाही. पण मी तो सांगते, आणि पोरं लिहून घेतात.